हळहळ, आकडा आणि साक्ष : किनाऱ्यावरच्या मौखिक इतिहासाविषयी

गेल्या काही वर्षांत भारतीय भाषांमध्ये किनाऱ्यावरच्या लोकांच्या मुलाखतींवर आधारलेलं लेखन बरंच वाढलं आहे. मच्छीमारांच्या आठवणींची पुस्तकं, ध्वनिमुद्रणांचे संग्रह, प्रदर्शनात भिंतींवर लावलेली निवेदनं, संवर्धन संस्थांच्या अहवालात चौकटीत छापलेली वृद्ध तांडेलांची वाक्यं. हे सारं मी आवडीने वाचत आले आहे, आणि वाचताना एक अडचण वारंवार जाणवते. भाषा बदलली, किनारा बदलला, तरी मजकूर तोच वाटतो. एक सुरकुतलेला चेहरा, रिकामं जाळं, 'पूर्वी किती मासे मिळायचे' हे वाक्य, आणि शेवटी मावळता सूर्य. यातलं काही खोटं असतं असं नाही. मासे खरोखर कमी झाले आहेत आणि माणसं खरोखर हताश आहेत. तरी हे लेखन पुरावा म्हणून लंगडं पडतं आणि साहित्य म्हणूनही. दोन्हींचं कारण मला एकच दिसतं. सांगणाऱ्याचं मूळ वाक्य वाटेत कुठेतरी गळून पडलेलं असतं.

ते वाक्य गळण्याच्या दोन वाटा आहेत. लेखकाला हळहळ हवी असते, शास्त्रज्ञाला आकडा. दोघेही सांगणाऱ्याकडून आपल्याला हवं तेवढं घेतात आणि उरलेलं टाकून देतात. त्या उरलेल्यात काय असतं, ते काही उदाहरणं घेऊन पाहू.

1995 मध्ये डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने पानभराचा एक लेख लिहिला. 'सरकती आधाररेषा' ही आज सर्वत्र वापरली जाणारी कल्पना त्या लेखातली. शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळात समुद्रात जेवढे मासे पाहते, तेवढेच मुळात होते असं धरून चालते. पुढची पिढी त्याहून खालच्या पातळीपासून मोजायला सुरुवात करते, आणि ऱ्हास कुणाच्या नजरेत येत नाही. हा आरोप शास्त्रज्ञांवर होता. पुढे तो सरसकट मच्छीमारांच्या विसराळूपणावर ढकलला गेला, हेही ध्यानात ठेवायला हवं. जुन्या माणसांच्या आठवणींना, किरकोळ किश्श्यांना शास्त्रात जागा द्या, असं पॉली सांगत होते. त्यांनी स्वतः दिलेला किस्सा एका सहकाऱ्याच्या आजोबांचा आहे. 1920 च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या काटेगाट समुद्रात ते बांगड्याच्या जातीच्या मॅकरलसाठी जाळी लावत. त्या जाळ्यांत निळ्या पराचे मोठाले टूना येऊन अडकत, आणि त्यांना तेव्हा बाजार नव्हता. आजोबांना त्याचा वैताग यायचा.

मला या किश्श्यात वैताग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजोबा गतवैभवाची आठवण काढत नाहीत, तक्रार करत आहेत. जाळी फाटतात, वेळ जातो, मासा विकला जात नाही. त्या तक्रारीतून टूना किती होता हे आपोआप कळतं, आणि म्हणूनच ती साक्ष विश्वासार्ह ठरते. जे सिद्ध करायचं सांगणाऱ्याच्या मनातही नाही, ते अशा बोलण्यातून सिद्ध होतं. हळहळीचं वाक्य मात्र ऐकणाऱ्याला काय हवं आहे ते ओळखून आलेलं असतं. 'पूर्वी किती मासे होते?' असं विचारलं की 'खूप' एवढंच उत्तर मिळणार. 'कोणता मासा फेकून द्यायचात? कोणता खताला जायचा?' असं विचारलं तर वेगळं काही हाती लागेल. मलबार किनाऱ्यावर एकेकाळी तारलीचं तेल काढून उरलेला चोथा बागांना खत म्हणून जात असे. मुबलकतेची अशी नोंद कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त बोलते. मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न हा त्या मजकुराचाच भाग असतो, पण बहुतेक संग्रहांत प्रश्न छापलेलेच नसतात.

आता आकड्याकडे. 2005 मध्ये आंद्रेआ सायेन्स-आरोयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या 108 मच्छीमारांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या जाती आणि कोणत्या जागा पूर्वी भरलेल्या होत्या आणि आता ओसरल्या, असं त्यांनी विचारलं. तरुणांच्या तुलनेत वृद्धांनी पाचपट जाती आणि चौपट जागा सांगितल्या. पॉलींची कल्पना इथे मोजून दाखवली गेली. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण तो एकट्या म्हाताऱ्याच्या हळहळीवर उभा नाही. तरुणांनी जे सांगितलं नाही, तोही त्याचा पुरावा आहे. साहित्याच्या वाचकाने यातून शिकण्यासारखी गोष्ट आहे ती हीच : एका आवाजाशेजारी दुसरा ठेवला की पहिल्यातलं बरंच काही ऐकू येऊ लागतं. मात्र असा अभ्यास वाचून संपल्यावर त्या 108 जणांपैकी एकाचंही बोलणं आपल्या कानात उरत नाही. शोधनिबंधाकडून ती अपेक्षा करणं चुकीचं ठरेल. अडचण पुढे येते. मूळ मुलाखती पेटीत बंद राहतात आणि फक्त 'पाचपट' आणि 'चौपट' हे शब्द जगभर फिरतात.

या दोन्ही वाटा टाळणारं एक पुस्तक मी मापदंड म्हणून हाताशी ठेवते. रॉबर्ट जोहानस या सागरी जीवशास्त्रज्ञाचं 'वर्ड्स ऑफ द लगून', प्रकाशन 1981. पश्चिम प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर त्यांनी सोळा महिने मच्छीमारांकडे शिकण्यात घालवले. पुस्तकाच्या शीर्षकात 'शब्द' आहेत, आणि ते शोभेसाठी नाहीत. चंद्राच्या कलेनुसार, ठरावीक तिथीला ठरावीक जागी जमून अंडी घालणाऱ्या पन्नासहून अधिक जाती पलाऊच्या मच्छीमारांना माहीत होत्या. तोवर साऱ्या जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात अशा जितक्या जाती नोंदलेल्या होत्या, त्यांच्या दुपटीहून ही संख्या अधिक होती.

हे सारं मच्छीमारांना ठाऊक असण्याचं कारण साधं आहे. ज्या रात्री मासे एकत्र येतात त्या रात्री तिथे असलं तर घर चालतं. जोहानस ही गोष्ट कधी विसरत नाहीत. 'निसर्गाशी एकरूप झालेला आदिवासी' हा त्या काळी चलनात असलेला साचा त्यांनी वापरला नाही. उलट ते संशयी आहेत. ज्यांची उत्तरं त्यांना आधीच माहीत होती असे प्रश्न ते विचारत. ऐकायला रास्त वाटणारे, पण ज्यांची उत्तरं कुणालाच माहीत असणं शक्य नाही असेही प्रश्न विचारत, म्हणजे समोरचा 'माहीत नाही' म्हणतो की रचून सांगतो ते कळे. ही तपासणी मला अपमानाची वाटत नाही. कुणाचं बोलणं पारखून घेणं म्हणजे ते गंभीरपणे घेणं. आपल्याकडच्या अनेक संग्रहांत सांगणाऱ्याला डोक्यावर घेतलं जातं, पण एकही उलटप्रश्न विचारला जात नाही. हा आदर कोरडा आहे.

पुस्तकात एका वृद्ध मच्छीमाराला, न्गिराक्लांग यांना, वेगळी जागा आहे. ते नावानिशी, स्वभावानिशी येतात. कोण कुणाकडून शिकलं आणि कुणी कुणापासून काय लपवलं, हे त्यामुळे कळतं. समुद्राचं ज्ञान गावात सर्वांना सारखं वाटलेलं नसतं. ते घराण्यांत, व्यक्तींत, हेव्यादाव्यांत विभागलेलं असतं. 'स्थानिक लोक सांगतात' या आपल्या अहवालांतल्या लाडक्या वाक्यात हे सगळं पुसलं जातं.

या पुस्तकाच्या उणिवाही सांगायला हव्यात. त्यातले गुरू पुरुष आहेत. ओहोटीच्या वेळी खडकांवर, चिखलात शिंपले-खेकडे गोळा करणाऱ्या बायकांचं ज्ञान तिथे जवळजवळ येत नाही. समुद्र म्हणजे होडीतून गाठायचं खोल पाणी, ही समजूत शास्त्रज्ञ आणि मच्छीमार पुरुष या दोघांचीही होती. आणि जे शब्द शीर्षकात आहेत ते बहुतांशी जोहानस यांच्याच स्वच्छ इंग्रजीतून येतात. न्गिराक्लांग कसे बोलत हे आपल्याला कळतं. ते काय बोलले, त्यांच्या वाक्यांची ठेवण कशी होती, हे फारसं कळत नाही.

त्याहून मोठा प्रश्न पुस्तकाच्या यशातूनच उभा राहतो. हेकरूसारखे मासे कोणत्या तिथीला कुठे जमतात हे छापलं की ते कोण वाचणार? अशी माहिती हाती लागली तर चार-दोन रात्रींत तो जमाव उपसून नेता येतो. पुढे हाँगकाँगच्या बाजारासाठी जिवंत मासे पुरवणाऱ्या धंद्याने प्रवाळ बेटांवर हे करून दाखवलं, आणि त्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत जोहानसही होते. दुसऱ्या बाजूला, 1994 च्या पलाऊच्या कायद्यात काही हेकरूंवर एप्रिल ते जुलै बंदी आली, तीही याच प्रकारच्या ज्ञानाशी जुळणारी. एकच साक्ष माशाला वाचवू शकते आणि संपवूही शकते. म्हणून मच्छीमार जागा सांगत नाहीत तेव्हा त्यांचं गप्प राहणं हाही मौखिक इतिहासाचा भाग मानायला हवा. चांगल्या संपादकाने काही गोष्टी छापू नयेत आणि छापल्या नाहीत हे सांगावं.

आपल्या देशात मच्छीमारांची साक्ष आधी पोचली ती पुस्तकांत नव्हे, सरकारी समित्यांपुढे. केरळमध्ये 1950 च्या दशकात भारत-नॉर्वे प्रकल्पातून यांत्रिक मासेमारी आली आणि पुढच्या दोन दशकांत कोळंबीच्या निर्यातीमागे ट्रॉलर वाढत गेले. पावसाळा हा माशांच्या पैदाशीचा काळ आहे, त्या महिन्यांत ट्रॉलर थांबवा, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी होती. 1981 च्या बाबू पॉल समितीत यावर एकमत होऊ शकलं नाही. आणखी समित्या बसल्या, मोर्चे आणि उपोषणं झाली, आणि पावसाळी बंदी आली ती 1988 मध्ये. मच्छीमारांचं म्हणणं 'अनुभव' ठरलं आणि निर्णयासाठी 'माहिती' मागितली गेली. ती माहिती जमेपर्यंत वर्षं गेली. गोव्यात रापणकरांनी सत्तरच्या दशकात हीच लढाई लढली. किनाऱ्यावरून ओढायची रापण आणि खोल पाण्यातून येऊन किनारा खरवडणारा ट्रॉलर यांच्यातल्या वादात रापणकरांची तक्रार काटेगाटच्या आजोबांसारखीच नेमकी होती : कोणत्या वावात, कोणत्या महिन्यात, कोण येऊन काय नेतं.

साहित्याने याच काळात काय केलं? तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही 1956 ची कादंबरी देशभर पोचली. बायको किनाऱ्यावर एकनिष्ठ राहिली तर नवरा समुद्रात सुरक्षित, हा तिचा कणा. लेखक मच्छीमार समाजाबाहेरचे होते. त्यांनी त्या समजुतीतून मोठी शोकांतिका उभी केली, पण पुढे साऱ्या देशाला केरळचा मच्छीमार त्या एका समजुतीतूनच दिसू लागला. तमिळमधल्या जो डिक्रूझ यांच्या 'आळी सूळ उलगु' (2004) या कादंबरीचा लेखक परदवर समाजातलाच. त्याने समाजाची बोली, होड्या-वारे-माशांचे शब्द मुळासकट कादंबरीत आणले, आणि शहरी तमिळ वाचकालाही ते शिकून घ्यावे लागले. वाचकाला पडलेले हे कष्ट मला त्या कादंबरीचं मोठं यश वाटतात.

या सगळ्या प्रश्नांची गाठ मला गुजरातच्या एका शब्दात सापडते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. हा जगातला सर्वांत मोठा मासा, प्लवक गाळून खाणारा, माणसाला निरुपद्रवी. वेरावळच्या परिसरात नव्वदच्या दशकात त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत होती. यकृताचं तेल होड्यांना लावायला जुन्या काळापासून वापरलं जाई. नंतर मांसाला परदेशी बाजार मिळाला. शिकारीत गळाला मोकळी पिंपं बांधत, म्हणजे मासा खोल जाऊन निसटू नये. या पिंपांवरून मच्छीमार त्या माशालाच 'बॅरल' म्हणू लागले. 2000 साली माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटाने ही शिकार जगापुढे आणली, आणि 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. माशाला असं संरक्षण भारतात त्याआधी मिळालेलं नव्हतं.

कायदा झाला तरी किनारा बदलला नव्हता. 2004 पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचं वन खातं यांनी मोहीम चालवली. कथाकार मोरारी बापू तिचा चेहरा झाले. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असं त्यांनी सांगितलं आणि त्याला नाव मिळालं 'व्हाली', म्हणजे लाडकी. लेकीला कोण मारतं? मच्छीमारांनी आपली महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. भारतीय सागरी संवर्धनातलं हे दुर्मिळ यश आहे, आणि त्यात रूपकाचा वाटा मोठा आहे.

तरी समीक्षक म्हणून मला या रूपकाकडे पाहणं भाग आहे. शास्त्राला व्हेल शार्कच्या बाळंतपणाविषयी फार थोडं ठाऊक आहे. 1995 मध्ये तैवानजवळ एक गाभण मादी मारली गेली, तिच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं होती. या विषयातलं आपलं बरंचसं ज्ञान त्या एका मेलेल्या मादीवर उभं आहे. तेव्हा 'माहेर' हे निरीक्षण नव्हतं, आवाहन होतं. आवाहन म्हणून ते चोख होतं, कारण माहेरची ओढ हा त्या भाषेतला खरा, रुजलेला भाव आहे. पण ते मच्छीमारांच्या तोंडून आलं नव्हतं. त्यांच्या तोंडचा शब्द होता 'बॅरल'. तो ऐकायला कठोर, पण त्या एका शब्दात शिकारीचं साधन, तिचा काळ आणि जिवंत प्राण्याला साधनाच्या नावाने ओळखण्याची धंद्याची सवय, हे सगळं साठलेलं आहे. 'व्हाली'मुळे मासा वाचला. 'बॅरल' हा शब्द मात्र मोहिमेच्या साहित्यात, उरला तर, 'पूर्वीचं अज्ञान' म्हणून उरतो. ज्यांनी तो घडवला ते अज्ञानी नव्हते. तो मासा कधी येतो, कसा पोहतो, किती ओढ घेतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तसं ठाऊक असल्याशिवाय त्याची शिकारही करता आली नसती. पश्चात्तापाच्या गोष्टीत शिकाऱ्याचं ज्ञान वाहून जातं, ही माझी तक्रार आहे.

मराठी किनाऱ्यासाठी यातून काय घ्यायचं? आपल्या कवितेत समुद्र पुष्कळ आहे, पण बहुतेक वेळा तो किनाऱ्यावर उभं राहून पाहिलेला आहे. विरहाचा, गूढाचा किंवा अथांगाचा समुद्र. डोल लावणाऱ्या कोळ्याचा समुद्र वेगळा. डोल हे प्रवाहात रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीवर बोंबील, जवळा त्यात येतो. म्हणून त्याचा महिना तारखांनी चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, यांनी चालतो. एखादी आजी मुलाखतीत 'भांगाचं पाणी होतं' असं म्हणाली आणि लिहिणाऱ्याने 'त्या दिवशी मासे कमी मिळाले' असं प्रमाण मराठीत उतरवलं, तर तिथी गेली, प्रवाह गेला, कारण गेलं. पुढे इंग्रजीत जाताना ती 'गरिबीची आठवण' होते. पलाऊच्या मच्छीमारांनी जे चंद्राच्या भाषेत सांगितलं आणि जोहानसनी जे ऐकलं, ते आपण आपल्याच भाषेत असं पुसतो.

कायद्याचंही तसंच. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी तारखेने आहे. कोळ्यांचा हंगाम नारळी पौर्णिमेला उघडतो, आणि ती 2023 मध्ये 30 ऑगस्टला आली, 2024 मध्ये 19 ऑगस्टला. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा अशी मागणी कोकणात अधूनमधून होते. ती श्रद्धेची मागणी म्हणून वाचली जाते. तीत वाऱ्याचं, पाण्याचं, माशाच्या वाढीचं काही निरीक्षण आहे का, हे तपासायला आधी ती साक्ष म्हणून ऐकावी लागेल. आणि जोहानससारखी पारखावीही लागेल, कारण पौर्णिमा दरवर्षी सरकते आणि मासा तिच्यासोबत सरकतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

अनेक भाषांत वाचणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती इथे काही आहे. किनाऱ्यावरच्या आठवणींचं पुढचं पुस्तक उघडताना आपण पाहू शकतो की प्रश्न छापले आहेत का. बोलणारा नावानिशी, किंवा नाव नको असेल तर निदान त्याच्या कामानिशी येतो का. बायका फक्त वाट पाहताना दिसतात की खडकावर काम करतानाही. बोलीतला शब्द तळटीपेत आहे की वाक्यात. अनुवादकाने 'भांग' ठेवला का. आणि जिथे मासा वाचवण्याची सुंदर गोष्ट सांगितली आहे, तिथे आधीच्या कठोर शब्दाला जागा दिली आहे का. गुजरातच्या संग्रहात मला 'व्हाली'च्या शेजारी 'बॅरल' छापलेलं हवं आहे, त्याच टाइपात.